केटी म्हणजे काय हो, मॅडम?
इंजिनीअरिंगला असलेल्या लेकराचा निकाल कमी आला तर आईनं काय करायचं



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली. सतरंजी गुंडाळली, चहा झाला, तरी एक ताई काही घरी जाईनात. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, केटी म्हणजे काय हो? पोराच्या मोबाईलवर मित्राचा मेसेज होता, तुला किती केटी म्हणून. मी विचारलं तर म्हणतो, तुला नाही कळायचं."

या ताईंनी पोराच्या फीसाठी गटातून ३० हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलंय. म्हणून बैठकीत सगळ्यांसमोर विचारायला त्यांना संकोच वाटला. पोरगा दिवाळीला दोनच दिवस राहिला आणि सबमिशन आहे म्हणून लगेच पुण्याला गेला. काहीतरी लपवतोय हे त्यांना कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

त्यानंतर मी आणखी दोन-तीन गावांत विचारलं. प्रत्येक गावात कुणाचं ना कुणाचं लेकरू पुणे, नांदेड, संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे. फी भरायला आई आहे, पण निकालाचा कागद आईला कुणी दाखवत नाही. आपण गटाची हिशोबाची वही वाचायला शिकलो की नाही? तसाच हाही कागद वाचता येतो.

निकालाचा कागद कसा वाचायचा

इंजिनीअरिंग चार वर्षांचं असतं. एका वर्षात दोन सत्रं, म्हणजे सेमिस्टर. एकूण आठ. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना सहा. प्रत्येक सेमिस्टरला वेगळी परीक्षा आणि वेगळा निकाल.

बारावीसारखे नुसते टक्के इथं नसतात. प्रत्येक विषयाला १० पैकी गुण मिळतात, त्याला ग्रेड पॉइंट म्हणतात. आणि प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणतात. जड विषयाला जास्त क्रेडिट, हलक्याला कमी. एका सेमिस्टरच्या सरासरीला एसजीपीए म्हणतात आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या सरासरीला सीजीपीए.

समजा एका सेमिस्टरला २० क्रेडिट आहेत. गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल हे चार विषय प्रत्येकी ४ क्रेडिटचे. वर्कशॉप आणि संवादकौशल्य प्रत्येकी २ क्रेडिटचे. पोराला भौतिकशास्त्रात ६, मेकॅनिक्समध्ये ५, इलेक्ट्रिकलला ७, वर्कशॉपला ९, संवादकौशल्याला ८ पडले आणि गणित राहिलं, म्हणजे ०. आता प्रत्येक गुणाला त्याच्या क्रेडिटनं गुणायचं आणि बेरीज करायची: २४ अधिक २० अधिक २८ अधिक १८ अधिक १६, झाले १०६. भागिले २०, म्हणजे ५.३.

हेच गणितात नुसते ५ पडले असते तर बेरीज १२६ आणि सरासरी ६.३. एका विषयानं अख्ख्या निकालात १ चा फरक पडला. म्हणजे ५.३ बघून "सगळ्यातच मागं आहे" असं धरायचं कारण नाही. एक विषय राहिलाय, बाकीचे नीट आहेत. काही विद्यापीठं विषय राहिला की एसजीपीएच्या जागी नुसती रेघ मारतात. ती रेघ बघून घाबरू नका, खालचे विषय एकेक करून बघा.

दुसरं असं, की ५.३ वर पडलेलं सेमिस्टर आठातलं एक आहे. राहिलेला विषय सुटून ते ६.३ झालं आणि पुढच्या सात सेमिस्टरला सरासरी ७ पडली, तर शेवटी सीजीपीए साधारण ६.९ येतो. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरून हा हिशोब आहे, कागद-पेन्सिल घेऊन करून बघा.

बारावीच्या ८५ टक्क्यांशी याची तुलना करू नका. ते माप वेगळं, हे वेगळं. सीजीपीएचे टक्के करायची पद्धत प्रत्येक विद्यापीठाची आपापली असते. एआयसीटीईच्या कोष्टकात ६.७५ म्हणजे ६० टक्के धरतात.

केटी, बॅक आणि वायडी

केटी म्हणजे विषय राहिला, पण पुढच्या वर्गात बसायला परवानगी आहे. तो विषय पुढच्या परीक्षेत परत द्यायचा. यालाच पोरं "बॅक" किंवा "बॅकलॉग" म्हणतात.

किती विषय राहिले तरी पुढं जाता येतं याची मर्यादा विद्यापीठ ठरवतं. त्यापेक्षा जास्त राहिले तर वर्ष थांबतं. त्याला पोरं "वायडी" म्हणतात, इयर डाऊन. तेव्हा राहिलेले विषय सोडवल्यावरच पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षाची केटी "बघू नंतर" म्हणून मागं ठेवली की दोन वर्षांनी ती आडवी येते. गटात एक हप्ता थकला तर पुढच्या महिन्यात दोन भरता येतात. सहा थकले की जड जातं. केटीचं तसंच आहे.

हुशार पोराचे मार्क का पडतात?

"बारावीला चांगला होता, तिकडं जाऊन बिघडला." हे वाक्य मी फार ऐकते. बिघडलेलं एखादं असेलही. पण जास्त वेळा कारणं साधी असतात.

सगळं इंग्रजीत. बारावीपर्यंत सर अर्धं मराठीत समजावून सांगायचे. इथं व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत. डोक्यात येतं ते कागदावर उतरत नाही. वर्गात हात वर करून विचारायचा संकोच वाटतो.

डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोरांना गणित जड जातं. हाताचं काम त्यांना छान येतं, पण बाकीची पोरं बारावी आणि पहिल्या वर्षाचं गणित करून आलेली असतात. दुसऱ्या वर्षाच्या गणिताला पोरं "एम थ्री" म्हणतात. ते नाव घेतलं की चांगली चांगली पोरं गप्प होतात.

सेमिस्टर लहान असतं. प्रवेश उशिरा झाला तर पहिलं सेमिस्टर आणखी लहान होतं. त्यात खोली शोधणं, मेस लावणं, आजारपण. काही पोरं घरी न सांगता संध्याकाळी काम करतात, कारण आईकडं परत पैसे मागवत नाहीत. मोबाईलही आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण खरं कारण कोणतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

निकालाच्या दिवशी

इथं मी माझी चूक सांगते. माझा धाकटा भाऊ डिप्लोमानंतर मेकॅनिकलला गेला. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सेमिस्टरला तीन विषय राहिले, त्यात एम थ्री. मी तेव्हा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. लोकांशी कसं बोलायचं हेच शिकत होते म्हणा ना. आणि फोनवर माझं पहिलं वाक्य काय, तर "आई पहाटे चारला उठून म्हशीची धार काढते, ती यासाठी का?"

त्यानं फोन ठेवला. दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतल्या मित्राचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "दीदी, हा मेसलाही येत नाही, नुसता पडून असतो." मी एसटीनं गेले. तो एकच बोलला, "विषय मी सोडवीन गं. पण आईच्या कष्टाचं मी काय करू ते सांग."

त्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण एवढं कळलं, की पोरांना आपले कष्ट माहीत असतात. म्हणून तर ती निकाल लपवतात. आपण निकालाच्या दिवशी परत कष्टांची यादी वाचली की पुढचा निकाल आपल्याला कळतच नाही.

म्हणून त्या दिवशी एवढंच करा. आधी विचारा, "जेवलास का?" मग म्हणा, "किती विषय राहिले ते सांग, आपण बघू." बस. फी, कर्ज, म्हैस, शेजारच्याचा पोरगा, हे त्या दिवशी नको. आणि पोराच्या वडिलांनाही हे आधीच सांगून ठेवा. बऱ्याच घरी पोरं आईला सांगतात, पण "पप्पांना सांगू नको" म्हणतात. मग आई एकटीच ते ओझं वाहते.

पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं?

एक. पेपर चांगला गेला होता असं लेकरू खात्रीनं म्हणत असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. पोरं त्याला "फोटोकॉपी" आणि "रिव्हॅल" म्हणतात. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि प्रत्येक विषयाला फी असते. म्हणून सगळ्या विषयांना सरसकट अर्ज नको. थोडक्यात राहिलेल्या विषयाला करा. आणि रिव्हॅलच्या भरवशावर अभ्यास थांबवू नका.

दोन. राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्म वेळेवर भरला का ते विचारा. फॉर्मच भरला नाही म्हणून सहा महिने गेलेली पोरं मी पाहिलीत. कारण विचारलं तर "घरून पैसे मागायचे कसे".

तीन. त्या विषयाच्या सरांना जाऊन भेटायला सांगा. बहुतेक महाविद्यालयांत १५-२० मुलांमागं एक पालक शिक्षक नेमलेले असतात. त्यांचा नंबर घ्या. फोनवर बोलायला इंग्रजी लागत नाही.

चार. अभ्यासाला क्लासच लागतो असं नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनीअरिंगची पुस्तकं मराठीतही फुकट मिळतात. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग इंग्रजीत लिहायचा सराव करायचा. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या. माझ्या भावानं एम थ्री असंच दुसऱ्या खेपेला सोडवलं.

पाच. हजेरी. साधारण ७५ टक्के लागते. निकालानंतर पोरं तोंड लपवायला वर्गात जात नाहीत आणि मग हजेरीत अडकतात. "वर्गात जातोस ना?" एवढं आठवड्यातून एकदा विचारा.

पैशाचं काय?

शिष्यवृत्ती असेल तर निकालानंतर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारायचं: केटी असताना पुढच्या वर्षी अर्ज कसा करायचा, वर्ष थांबलं तर काय होतं. प्रत्येक योजनेचा नियम वेगळा आहे, म्हणून मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. महाडीबीटीचा नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत भरा.

बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल आणि वर्ष थांबलं, तर बँकेपासून लपवू नका. शिक्षण लांबलं तर परतफेड सुरू होण्याची मुदत वाढवून मागता येते. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

गटाचं कर्ज असेल तर बैठकीत सांगा. सुरुवातीच्या त्या ताईंनी शेवटी धीर करून सांगितलं. अध्यक्षताई म्हणाल्या, "अगं, माझ्या सुनेच्या बाळंतपणाला तुम्ही हप्ता पुढं ढकलला होता की." ठराव लिहिला आणि हप्ता कमी करून मुदत वाढवली. पाच मिनिटांचं काम होतं. त्यासाठी त्या ताई तीन महिने झोपल्या नव्हत्या. पण एक सांगते, केटीची फी भरायला खासगी सावकार किंवा मोबाईलवरच्या झटपट कर्जाकडं जाऊ नका. आणि पोरालाही विचारा, त्यानं तसलं कर्ज घेतलंय का.

मुलगी नापास झाली तर?

हे लिहू की नको असं वाटत होतं. पण लिहिते. मुलाचे विषय राहिले की आपण म्हणतो, "परत दे." मुलीचे राहिले की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. दोन विषयांसाठी तीन वर्षांचं शिक्षण सोडून लग्न झालेली मुलगी आपल्याच तालुक्यात आहे. तिचे बाकीचे सगळे विषय सुटलेले होते.

ताईंनो, केटी मुलाची आणि मुलीची सारखीच असते. तिलाही परत परीक्षा देता येते. खर्चाची काळजी असेल तर हेही माहीत असू द्या: २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी, एसटी आणि इतर प्रवर्गांच्या वेगळ्या योजना आहेत.

पुढं नोकरी मिळेल का?

खरं ते सांगते. महाविद्यालयात येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्क्यांची किंवा तेवढ्या सीजीपीएची अट घालतात आणि त्या वेळी कोणतीही केटी बाकी नसावी असं म्हणतात. म्हणून कमी मार्कांनी काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. फरक पडतो. पण आधी राहिलेली आणि नंतर सुटलेली केटी बऱ्याच ठिकाणी चालते. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, तिथं बहुतेक पदांना टक्क्यांची अट नाही. माझ्या भावाला महाविद्यालयातून नोकरी मिळाली नाही. पदवीला अर्धं वर्ष जास्त लागलं. आता तो चाकणला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. पगार फार मोठा नाही, पण आईला आता म्हशीचा चारा विकत घ्यायला तोच पैसे पाठवतो.

आणि काही लेकरांना खरंच हे शिक्षण जमत नाही, आवडत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर शांतपणे बसून दुसरा रस्ता बघणं यात कमीपणा नाही. पण तो निर्णय निकालाच्या आठवड्यात घ्यायचा नाही. रागात किंवा रडत असताना तर नाहीच.

हे दिसलं तर थांबू नका

लेकरू फोन उचलत नाही, जेवत नाही, रात्ररात्र जागतं किंवा दिवसभर झोपून राहतं, आवडीच्या वस्तू मित्रांना देऊन टाकतं, "मी तुमच्यावर ओझं आहे", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलतं, तर त्याला नाटक समजू नका. लगेच भेटायला जा. जाता येत नसेल तर खोलीतल्या मित्राला सोबत थांबायला सांगा, एकटं सोडू देऊ नका. "तुझ्या मनात जिवाचं काही करून घ्यायचं येतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट लेकराला बोलायला जागा मिळते.

टेलिमानस हा सरकारचा फोन नंबर आहे: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लेकरानं करायचा आणि आईनंही करायचा, कारण तुमचाही जीव घाबरतो. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात. आणि त्या वेळी हाताशी लेकराच्या दोन मित्रांचे, खोलीमालकाचे आणि पालक शिक्षकांचे नंबर असायला हवेत. ते आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मला माझ्या भावाच्या मित्राचा नंबर मिळायला दोन दिवस लागले होते.

पुढच्या बैठकीसाठी

आपल्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहे. आपण त्या सूत्रात शाळेतली गळती बोलतो, पण गावाबाहेर शिकायला गेलेल्या लेकरांचं बोलत नाही. पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. कुणाकुणाची लेकरं बाहेर आहेत त्यांची नावं घ्या. ज्यांचं लेकरू इंजिनीअरिंग करून बाहेर पडलंय, त्याला एखाद्या रविवारी ग्रामसंघात बोलवा. त्याला किती केटी होत्या तेही त्याच्याच तोंडून ऐका. मार्कशीट वाचता येत नसेल तर झेरॉक्स घेऊन या, मी आले की आपण मिळून वाचू.

त्या ताईंच्या पोराच्या दोन केटी होत्या, गणित आणि मेकॅनिक्स. मागच्या आठवड्यात त्यानं स्वतःच आईला फोन करून सांगितलं, "मेकॅनिक्सचा पेपर बरा गेला, गणिताचं सांगता येत नाही." ताई मला सांगताना हसत होत्या. गणिताचं काय होईल ते निकालालाच कळेल. पण आता निकाल त्यांनाही कळेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक